वाहन आणि ओझं

परवा तळवड्याला देहू-आळंदी रस्त्यावर गर्दीत अडकलो. पुढच्या मोटारीच्या पाठीवर दोन चकचकीत सायकली बांधलेल्या! शेजारून एक कामगार हँडलला डबा लटकवून आपल्या सायकलीवरून सुळकन पुढे गेला. मला तत्त्वज्ञान सुचलं.

एरवी पंधरा-वीस किलोंची सायकल स्वतःच्या चौपट वजनाचा माणूस वाहते. इथे टनभर मोटार तिलाच वाहत होती. म्हणजे वापराल तर वाहन, मिरवाल तर ओझं!

हे घरी ऐटीत ऐकवलं. सौ. म्हणाली, "अहो, मग गॅलरीतल्या तुमच्या सायकलीवरचे टॉवेल काढू का?"

मी गप्प. मोटारवाल्याच्या सायकली निदान देहूच्या वाटेला तरी लागल्या होत्या. माझी टॉवेलांचं वाहन झाली होती. दुसऱ्याला हसण्याआधी आपल्या चाकांत हवा आहे का, पाहावं. पाहिलं. नव्हती.