क्षमस्व

गेल्या उन्हाळ्यात भाच्याचा बायोडाटा नव्यानं लिहायला दाजींनी मला राहुरीला बोलावलं. मुलगा कृषी पदवीधर, नऊ एकर बागायत, ऊस, दारात चार गाई. पाच ठिकाणांहून नकार आलेला आणि कारण एकच: मुलीला शेतकरी नवरा नको. दाजी तापलेले होते. "तुम्ही पेपरात लिहिता ना? मग लिहा की. जात बघून नाही म्हटलं की गुन्हा, आणि शेती बघून नाही म्हटलं तर काहीच नाही? हा भेदभाव नाही तर काय?"

मी जुना बायोडाटा उचलला. अपेक्षांच्या रकान्यात शेवटची ओळ होती: आंतरजातीय चालेल, एससी-एसटी क्षमस्व. ती त्यांच्यासमोर धरली. दाजी म्हणाले, "ते तर सगळेच लिहितात."

सगळेच लिहितात हे खरं. जात बघून नकार देणं गुन्हा आहे, हे मात्र चूक. जोडीदार म्हणून कुणाला नाकारलं म्हणून शिक्षा करील असा कायदा आपल्याकडे नाही.

उलट, कायदा फार काळ दुसऱ्याच बाजूला उभा होता. तुम्हाला कोण आवडतं हे तो विचारतच नव्हता, कोण आवडून उपयोग नाही एवढं सांगत होता. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असं लिहून द्यावं लागे. म्हणजे जातीबाहेर लग्न करायला आधी धर्माबाहेर जा. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंमधले आंतरजातीय विवाह वैध ठरवणारं विधेयक आणलं. केवढा गहजब झाला, आणि ते बारगळलं. शाहू महाराजांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्यांच्या मूळच्या, कागलच्या घाटगे घराण्यातली मुलगी पुढे १९२४ मध्ये इंदूरच्या होळकरांची सून झाली. मराठा आणि धनगर. त्याच होळकर घराण्याच्या अहिल्यादेवींचा जन्म आपल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, आणि आता नगर जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. शंभर वर्षांपूर्वी राजघराण्यांत झालं ते आज जामखेडच्या मंगल कार्यालयात किती वेळा होतं, हे वाचकांनीच आठवून पाहावं.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लाहोरसाठी लिहिलेलं, आणि तिथे कधीच न झालेलं भाषण या वाटेवरचं मोठं वळण. जात मोडायचा खरा उपाय रोटी नव्हे, बेटी, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. पण त्याच भाषणात त्यांनी असंही म्हटलं की मिश्र विवाहांचे कार्यक्रम घडवून आणणं म्हणजे बळजबरीनं घास भरवण्यासारखं आहे. ज्या शास्त्रांच्या पावित्र्यामुळे माणसाला दुसरा माणूस नकोसा होतो, त्या पावित्र्यालाच हात घाला. हा भाग फारसा कुणी सांगत नाही. आवड कायद्यानं बदलत नाही, पण आवड आकाशातूनही पडत नाही, हे दोन्ही विचार त्यात एकत्र आहेत.

स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्यानं आणि मग १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं जातीची आडकाठी काढली. आता जातीबाहेर लग्न करता येतं. केल्यावर जगता येतं का, हा प्रश्न शिल्लक राहिला. जामखेड तालुक्यातलंच खर्डा म्हटलं की पूर्वी १७९५ ची निजामावरची लढाई आठवायची. २८ एप्रिल २०१४ पासून तिथला सतरा वर्षांचा दलित मुलगा आठवतो. एका मराठा मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून त्याला मारलं. साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये नगरच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं शक्तिवाहिनी प्रकरणात सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या निवडीत घराण्याला, समाजाला किंवा पंचायतीला बोलायचा अधिकार नाही. त्याच वर्षी हादियाच्या प्रकरणातही जोडीदाराची निवड हा ज्याचा त्याचा हक्क ठरला.

इथे दाजींना उत्तर मिळतं. निवडायचा हक्क म्हटला की नाकारायचाही आलाच. शेतकरी नको म्हणणारी मुलगी पाणी, रात्रीची वीज, कांद्याचा भाव आणि सासूच्या हातातला पैसा बघून बोलते. ते आयुष्य तिला काढायचं आहे. आणि दाजी, तुमचा हिशेब तिच्याशी नाहीच. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या, २०११ मध्ये ८५२. शेजारच्या सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाळू तरुण बाशिंग बांधून घोड्यावरून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले होते. ज्या मुली त्यांना मिळत नाहीत, त्यांतल्या कित्येक जन्मालाच आलेल्या नाहीत.

'क्षमस्व'चं तसं नाही. त्यात समोरच्या माणसाचं काहीच बघितलेलं नाही, ना शिक्षण, ना स्वभाव, ना शेत. तरीही ती ओळ भाच्याच्या मनात असेल तर कायद्यानं तिथं जाऊ नये असंच मी म्हणेन. मनात शिरणारा पोलीस उद्या त्या मुलीच्याही मनात शिरेल. पण ओळ छापली की? पैसे घेऊन छापली की? वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर, ॲपवर 'जात चाळा' अशी कळ दिली की? अमेरिकेत ई-हार्मनी या जोडीदार शोधून देणाऱ्या कंपनीवर समलिंगी माणसांना सेवा नाकारल्याची तक्रार न्यू जर्सीत झाली. २००८ मध्ये कंपनीनं तडजोड केली आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी वेगळी साइट काढली. तिथे कुणा ग्राहकाला त्याची आवड विचारली नाही. जाब विचारला तो दुकानाला.

आपल्या घटनेच्या १५ व्या कलमातही 'दुकान' हा शब्द आहे, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ सेवा देणाऱ्यांपर्यंत ताणला. उलट बाजूही आहे. २००५ मध्ये त्याच न्यायालयानं फक्त पारशांना सभासद करून घेणारी गृहनिर्माण संस्था मान्य केली होती. पण १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातलं सातवं कलम मला जास्त जवळचं वाटतं. बोलून किंवा लिहून लोकांना अस्पृश्यता पाळायला चिथावणं वा उत्तेजन देणं हा त्यात गुन्हा आहे. 'आंतरजातीय चालेल' म्हणून सगळ्या जातींना दार उघडायचं आणि दोनच समूहांची नावं घेऊन ते लावायचं, ही ओळ हजारो घरांत छापून पाठवणं उत्तेजन नाही तर काय आहे?

भाच्याच्या नव्या बायोडाटात ती ओळ नाही. दाजींनी ती पटून काढली की मी लिहीत होतो म्हणून गप्प बसले, मला माहीत नाही. नगरच्या कोर्टात वकिली करणारं कुणी हे वाचत असेल, तर एक विनंती: रविवारच्या पुरवणीतली अशी एक जाहिरात कापून ठेवा आणि जाहिरात देणाऱ्यावर नव्हे, छापणाऱ्यावर सातव्या कलमाखाली तक्रार दाखल करून बघा.