लांब, पण कुणापासून?

डोंगराचं नाव नकाशावर पहिल्यांदा वाचलं ते 'सीना भ्राय' असं. रोमनमधले बी आणि एच शेजारी-शेजारी बसलेले दिसले की मराठी जीभ आपसूक 'भ' म्हणते. भाचा हसला. "मामा, तो भ नाहीये, व आहे. शेना व्राय." एडिंबरात चार वर्षं काढून त्याला गेलिक भाषेचे असे दोन-चार नियम ठाऊक झालेत, बोलता मात्र एक वाक्य येत नाही. शेना म्हणजे जुना आणि ब्राय म्हणजे वरचं रान, माथ्याकडचा मुलूख. आधी 'जुना' लागला की ब चा व होतो. जुना माथा. कुणी म्हटला, कशाच्या मानाने जुना म्हटला, ते नकाशा सांगत नाही.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, उलापूल बंदराच्या पूर्वेकडे हा डोंगर आहे. उंची ९२६ मीटर. आम्हाला कळसूबाईच्या १६४६ मीटरची सवय, अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच बेन नेव्हिससुद्धा १३४५ वर थांबतो, तेव्हा आकड्याने दबून जावं असं काही नव्हतं. पण १८९१ मध्ये सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश शिखरांची यादी छापली आणि एका देशाला छंद लावून दिला. आज त्या यादीत २८२ 'मन्रो' आहेत, आणि ते एकेक करून पुरे करणारी माणसं हजारोंनी आहेत. खुद्द मन्रो १९१९ मध्ये गेला तो यादी अपुरी ठेवूनच. तीन हजार फूट म्हणजे ९१४ मीटर, म्हणजे शेना व्राय काठावर पास. यादीवाल्यांत त्याची ख्याती उंचीची नाही, लांबीची आहे. सगळ्यात आडबाजूच्या मन्रोंची नावं कुणी घेतली की हे नाव हटकून येतं. मी तेवढ्यासाठीच तो निवडला, हे आधीच कबूल केलेलं बरं. एका शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठाशी बसायला जागा मिळेना आणि तीन बाजूंनी तीन स्पीकर वाजत होते. रिकाम्या डोंगराची भूक तेव्हापासून लागलेली.

मुक्काम एका जुन्या शाळेत होता. डांबरी रस्ता संपल्यावर कच्च्या वाटेने कित्येक मैल आत, एका पुलाजवळ, लाकडी फळ्यांची ही इमारत उभी आहे. आसपासच्या मेंढपाळांची, शिकारखान्याच्या नोकरांची पोरं इथे शिकत. आता ती 'बॉथी' आहे: दार उघडं, भाडं नाही, राखणदार नाही, ज्याने यावं त्याने झोपावं आणि झाडून जावं. १९६५ मध्ये स्थापन झालेली एक स्वयंसेवी संघटना अशी शंभरेक घरं सांभाळते. पोरं नसलेली शाळा आपल्याकडेही आता दिसते. पण अशा शाळेच्या दारात उभं राहून आजूबाजूला बघितलं आणि एकही घर दिसलं नाही, असं माझं पहिल्यांदाच झालं. मग ती पोरं यायची कुठून?

सकाळी निघताना भाच्याने नेस्मिथचा हिशेब केला. १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथने घालून दिलेला हा नियम इथले लोक अजून वापरतात: दर तीन मैलांना एक तास, वर चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. येऊन-जाऊन सोळा मैल, चढ सव्वीसशे फुटांचा. उत्तर आलं पावणेसात तास. आम्हाला दहा लागले. नेस्मिथने पीट हिशेबात धरलेलं नाही.

पीट म्हणजे चिखल नव्हे. पाणथळीत वाढलेलं शेवाळ मरतं, पण थंडीमुळे आणि हवा न पोचल्यामुळे धड कुजत नाही. त्याच्यावर पुढच्या वर्षीचं शेवाळ बसतं. असा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटरने चढतो. वरून गवत, खाली काळा, ओला, लोण्यासारखा पदार्थ. त्यात पाऊस आणि वारा घळी पाडतात, आणि चालणाऱ्याला सारखं या घळीतून उतरून त्या भिंतीवर चढावं लागतं. अशाच एका घळीत माझा उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. पाय निघाला, बूटही निघाला, पण ओणवा होऊन नाडी बांधताना समोरच्या काळ्या भिंतीतून एक मुळी बाहेर आलेली दिसली. पाइनची. नखाने खरवडली तर आत लाकूड तांबूस, ताजं वाटावं असं. या उत्तर भागात पीटमध्ये गाडलेले असे बुंधे जागोजाग सापडतात, आणि त्यांतले कितीतरी चार हजार वर्षांपलीकडचे असतात. हवा अधिक ओली झाली आणि रान हटलं. मघाशी मी ज्याला मनात 'मुळातलं उजाड' म्हणत होतो ते मुळातलं नव्हतंच.

ते रान माणसाने नाही, पावसाने नेलं असं म्हणता येईल. पुढे नदीच्या काठाने जाताना दिसलं त्याबद्दल तसं म्हणता येत नाही. सगळा उतार तपकिरी, हेदरच्या खुरट्या झुडपांचा. त्यात मधेच एक हिरवा तुकडा. आपल्या अंगणाएवढा. गवत आखूड, मऊ, दाट, आणि त्यात गुडघाभर उंचीच्या दगडांची एक लांबट चौकट. छप्पर जाऊन किती पिढ्या झाल्या कोण जाणे, पण जमीन अजून गुरांचं शेण विसरलेली नाही. उन्हाळ्यात खालच्या वस्तीवरची गुरं अशा वरच्या कुरणांत आणत. बरोबर बहुतेक बायका आणि मुली. त्या आठवडेच्या आठवडे तिथेच राहत, दूध काढत, लोणी-चीज करत. गेलिकमध्ये त्या जागेला 'आरी' म्हणतात. सह्याद्रीच्या कुठल्याही आडरानातल्या धनगरवाड्यावर हे समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणजे आम्ही ज्याला जगाचं टोक समजून, पाठीवर तीन दिवसांची शिधासामग्री घेऊन आलो होतो, ते कुणा पोरीच्या दृष्टीने उन्हाळी सुट्टीतलं घर होतं. ती लांब नव्हती आली. वर आली होती.

मग ती गेली कुठे? तिची माणसं आपण होऊन गेली नाहीत, काढली गेली. अठराव्या शतकाच्या शेवटी मेंढ्यांचा भाव चढला, दक्षिणेकडचे मेंढीवाले दुप्पट खंड द्यायला तयार झाले, आणि जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटू लागल्या. १७९२ च्या उन्हाळ्यात याच टापूतल्या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. जमले, आणि परक्या मेंढ्या एकत्र हाकत दक्षिणेकडे निघाले. सहा हजारांवर मेंढ्या होत्या म्हणतात. लूट नाही, कत्तल नाही. नुसतं, तुमच्या मेंढ्या तुमच्याकडे घेऊन जा. सैन्य आलं, मोर्चा मोडला, पुढाऱ्यांवर इन्व्हरनेसला खटले झाले. स्कॉटलंडात त्या सालाला अजून मेंढ्यांचं साल म्हणतात.

शेवट कसा झाला ते इथून काही मैल पूर्वेला, क्रॉइकच्या चर्चच्या काचेवर लिहिलेलं आहे. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या खोऱ्यातली कुळं उठवली तेव्हा ऐंशीएक माणसं या चर्चच्या आवारात, थडग्यांच्या मधे, कापडं ताणून राहिली. आत नाही, बाहेर. कुणीतरी अणकुचीदार काहीतरी घेऊन खिडकीच्या चौकटीत बसवलेल्या लहान लहान काचांवर बाहेरून ओरखडे काढले. ते अजून वाचता येतात. मला तिथे दोन गोष्टी बोचल्या. एक, ज्यांनी काढलं त्यांच्यावर शाप त्यात नाही. उलट आपणच पापी म्हणून हे भोगतोय असा सूर आहे. दुसरी, घरात गेलिक बोलणाऱ्या या माणसांनी इंग्रजीत लिहिलं. म्हणजे ते आपसांतल्यांसाठी नव्हतं. कुणीतरी तिऱ्हाईत पुढे इथून जाईल, त्याने वाचावं म्हणून होतं. मी तो तिऱ्हाईत. काचेपाशी नाक नेऊन, ऊन तिरकं पडेल असा कोन साधत वाचत होतो, पलीकडे भाचा गाडीत बसून वाट बघत होता.

आता नकाशाकडे पुन्हा वळतो. १८७० च्या दशकात सरकारी मोजणीदार या जिल्ह्यात आले, तेव्हा प्रत्येक ओढ्या-टेकडीचं नाव वहीत टिपून घेत, आणि शुद्धलेखनाला तीन जाणकारांची साक्ष घेत. मोजणीदार सहसा इंग्रजी बोलणारे. जाणकार म्हणजे पाद्री, जमीनदाराचा कारभारी, शिकारखान्याचा राखणदार. ज्यांनी नावं ठेवली त्यांतले बरेचसे तोवर ग्लासगोत नाहीतर कॅनडात पोचले होते. तरी नावं टिकली, आणि ती एकूण एक जवळून ठेवलेली आहेत. आम्ही दुपारी ज्या तळ्याशी पोचलो त्याच्या नावाचा अर्थ मोठ्या कढईतलं तळं. 'कोरे' म्हणजे कढई, आणि हिमनदीने कोरलेला तो खोलगा खरोखर चुलीवरून उतरवून ठेवल्यासारखा दिसतो. कुठला ओढा करडा, कुठली टेकडी ठिपक्यांची. परका माणूस डोंगराला राजाचं नाव देतो, मोजणी अधिकाऱ्याचं देतो. कढई म्हणायला रोजची ओळख लागते. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडात गेलिक बोलणारे सुमारे ५७ हजार निघाले. डोंगरांवरची ही हजारो नावं रोज नकाशावर वाचणाऱ्यांत बहुतेकांना ती उच्चारताही येत नाहीत, आणि त्यात मी मोजला जावा हे रास्तच आहे.

२०१४ मध्ये तिथल्या सरकारच्या निसर्ग खात्याने देशातले ४२ मुलूख 'रानभूमी' म्हणून नकाशावर आखले. शेना व्राय त्यांतल्या एकात येतो. निकष ठरवलेले आहेत: जमीन नैसर्गिक वाटावी, खडबडीत असावी, आधुनिक बांधकाम दिसू नये, रस्त्यापासून दूर असावी. मला या खात्याशी भांडायचं नाही. पवनचक्क्यांची रांग या कढईच्या काठावर उभी राहिलेली मलाही नको. पण लांबी रस्त्यापासून मोजली की रस्ता कुणासाठी, कधी आणि कुठे झाला हा प्रश्न गळून पडतो. आपल्याकडे 'दुर्गम' आणि 'दुर्ग' एकाच घरातले शब्द आहेत. जिथे जायला कठीण तिथे आपण मुद्दाम जाऊन राहिलो. टाकी खोदली, सदर बांधली, माथ्यावर देवी बसवली. कळसूबाईच्या माथ्यावर कुणी नसलं तरी ती असते, तिच्या कपाळावर कुणीतरी लावलेलं कुंकू असतं. इथे माथ्यावर दगडांची रास असते, पुढची दिशा दाखवायला.

तो दिवस मला भरभरून आवडला, हेही सांगायला हवं, नाहीतर सगळं लटकं होईल. माथ्याच्या खाली शंभरेक मीटरवर ढगात शिरलो. होकायंत्र भाच्याच्या हातात, मी त्याच्या पाठीवरच्या लाल पिशवीमागे. वारा. कुठूनतरी सोनटिटवीची एकसुरी, केविलवाणी शीळ. मग रास दिसली, आणि तिच्या पलीकडे जमीनच नव्हती. माथा कड्याच्या अगदी काठावर आहे. पाच मिनिटांसाठी ढग फाटला आणि पायाखाली आख्खी कढई उघडी पडली, तळाशी तळं, काळंभोर. किती मैलांत दुसरं माणूस नाही. छातीत जे भरून आलं त्याला आनंद म्हणायला मला लाज वाटली नाही. रितेपणाचा इतिहास माहीत झाल्याने रितेपणाची गोडी कमी होते, असं होत नाही. हे बरं की वाईट, मी ठरवू शकलेलो नाही. २००३ च्या कायद्याने इथे कुणीही कुणाच्याही डोंगरावर बिनविचारता चालू शकतो, आणि खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी पाचशेपेक्षाही कमी मालकांकडे आहे. चालायचा हक्क सगळ्यांना मिळाला. राहायचा कुणाला, ते त्या कायद्यात नाही.

उतरताना पाऊस लागला. शाळेत पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते आणि जूनचा उजेड तसाच होता. बॉथीत एक वही असते. कुठून आलात, कुठे चाललात ते लिहायचं. आधीच्या पानांवर जर्मन, डच, चेक. मी देवनागरीत लिहायचं ठरवलं. तारीख घातली, पुणे लिहिलं, मग डोंगराचं नाव. भाचा चुलीवरचं पातेलं सोडून खांद्यावरून वाकला.

"मामा, परत भ?"

मी भ खोडून व केला.