कोणतं लॉगिन मिळेल हे माहीत नसताना

गेल्या वर्षी ऑफिसात माझ्या गळ्यात एक काम पडलं. आमची कंपनी पुण्यातली, माणसं सव्वातीनशेच्या आसपास. इतकी वर्षं हजेरी, रजा आणि पगार हा सगळा कारभार एक्सेलच्या फायलींवर आणि एचआरमधल्या एका ताईंच्या स्मरणशक्तीवर चालत होता. आता त्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. बाजारात पर्याय भरपूर आहेत. झोहो पीपल, ग्रेटएचआर, केका, डार्विनबॉक्स, शिवाय मुंबईत तयार झालेलं आणि सोर्स कोड खुला असलेलं फ्रॅप एचआर. वरिष्ठांनी तीन सॉफ्टवेअर निवडली आणि मला सांगितलं, "तू इंजिनिअर आहेस, एक कंपॅरिझन शीट बनव. पंधरा दिवसांत."

ती तीन कोणती हे इथे सांगत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही. मुद्दा माझ्या शीटचा आहे.

शीटमध्ये ४६ ओळी होत्या. पीएफचा हिशोब नीट होतो का? व्यवसाय कर महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे कापला जातो का, म्हणजे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाचे २,५००? महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, हे त्याला कळतं का? ईएसआयची २१,००० ची मर्यादा? बोटाच्या ठशाचं मशीन जोडता येतं का? मोबाइलवरून हजेरी लावताना माणूस खरंच क्लायंटकडे आहे का, हे जीपीएसवरून तपासता येतं का? प्रत्येक ओळीला शून्य ते पाच गुण आणि प्रत्येक ओळीचं एक वजन. गुणाकार, बेरीज, की विजेता समोर.

तीनही सॉफ्टवेअरना जवळजवळ सारखेच गुण पडत होते. मग मी वजनं जरा हलवून पाहिली. पगाराच्या हिशोबाचं वजन वाढवलं की पहिलं जिंकायचं, मोबाइल ॲपचं वाढवलं की दुसरं, रिपोर्टचं वाढवलं की तिसरं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला असे तक्ते करायला शिकवलं होतं. पण त्यातली वजनं कुठून येतात, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मीही विचारलं नाही.

मग डेमोचा दिवस आला.

एका विक्रेत्याने आमचाच तीन महिन्यांचा डेटा ट्रायलसाठी भरून घेतला होता. स्क्रीनवर सगळ्यांची नावं आणि काही नावांपुढे लाल ठिपका. ठिपक्याचा अर्थ, हा माणूस नोकरी सोडण्याची शक्यता जास्त. विक्रेत्याने उत्साहाने एका ठिपक्यावर क्लिक केलं. तो माझ्याच टीममधला एक मित्र निघाला. कारणंही दिसली. आठवड्यातून तीन दिवस उशिरा येतो, तास कमी भरतात, रजा वाढल्या आहेत. आमचे वरिष्ठ म्हणाले, "अच्छा, याच्यावर लक्ष ठेवायला हवं."

मला खरं कारण माहीत होतं. त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून तीनदा. सकाळी तो त्यांना दवाखान्यात सोडून यायचा. हे त्याने फक्त मला आणि एचआरमधल्या ताईंना सांगितलं होतं. ताई त्याचे लेट मार्क धरत नसत. आमच्याकडे तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापली जाते, तशी त्याची कधी कापली गेली नाही. पण ट्रायलमध्ये मशीनवरचा कच्चा डेटा गेला होता, आणि ताईंच्या डोक्यातला भाग त्यात नव्हता.

मी गप्प बसले. बोलले असते तर त्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट दहा जणांसमोर उघडी पडली असती. न बोलल्यामुळे ठिपका तसाच राहिला. दोन आठवड्यांवर अप्रेझल होतं.

त्याच संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट केली. ट्रायलसाठी मला ॲडमिन लॉगिन दिलेलं होतं. ठिपका नेमका कसा काढतात ते पाहावं, असं स्वतःला सांगून मी मित्राचं पान उघडलं. तिथे त्याचा पगार होता. मग दुसऱ्याचं पान उघडलं. मग तिसऱ्याचं. अर्धा तास मी लोकांचे पगार पाहत होते. कामाशी त्याचा काही संबंध नव्हता. नंतर हे कुठे नोंदलं गेलं का ते तपासलं. नव्हतं. माहितीत कुणी बदल केला तर त्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद व्हायची. कुणी नुसतं पाहिलं तर नाही.

रविवारी बाबांना फोनवर सॉफ्टवेअरचं सांगत होते. मित्राचं नाही, माझ्या चोरट्या अर्ध्या तासाचंही नाही, फक्त चांगला भाग. म्हटलं, "बाबा, याचा फायदा असा की हे कुणाचं तोंड पाहत नाही. सगळ्यांना नियम सारखाच."

बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या वेळी गेटपाशी टाइम ऑफिस होतं आणि तिथे टाइमकीपर बसायचे. बाबा म्हणाले, "तू झालीस त्या रात्री मी पाळीला दोन तास उशिरा पोचलो. टाइमकीपरनं विचारलं, काय झालं? म्हटलं, मुलगी. त्यांनी पेढे मागितले आणि वेळेत आलो असं लिहिलं. तुझ्या मशीननं लिहिलं असतं का?"

मी हसले. ते जरा थांबले आणि म्हणाले, "पण त्याच माणसानं आमच्यातल्या एकाला कधी पाच मिनिटं सोडली नाहीत. त्याचं पोरगं तापानं फणफणलं होतं, तरी हजेरी कापली. तो खालच्या वस्तीतला. टाइमकीपर त्याच्या हातचा पेढा खाणार नव्हते."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकत्रच राहतात. सॉफ्टवेअरवर टीका करणारे बहुतेक जण पहिली गोष्ट सांगतात, की माणुसकी गेली. विकणारे दुसरी सांगतात, की पक्षपात गेला. पण टाइमकीपर एकच होता, आणि सवलत देणं न देणं, दोन्ही त्याच्याच पेनातून आलं होतं.

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने नोकरशाहीचं हेच वैशिष्ट्य सांगितलं होतं. समोर कोण आहे हे न बघता नियम लावायचा. आज आपल्याला ते कोरडं वाटतं, पण खालच्या वस्तीतल्या त्या माणसासाठी तो कोरडेपणा म्हणजे सुटका होती. त्याउलट ॲरिस्टॉटल. तो म्हणतो की नियम सर्वसामान्य असतो आणि प्रसंग वेगवेगळे असतात, म्हणून नियम जिथे अपुरा पडतो तिथे तो दुरुस्त करणारा समंजसपणा लागतो. त्याचं उदाहरण लेस्बोस बेटावरच्या गवंड्यांचं आहे. ते शिशाची पट्टी वापरत. शिसं मऊ, दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतं. एचआरमधल्या ताई म्हणजे अशी शिशाची पट्टी. प्रश्न इतकाच, की ती कुणासाठी वाकते आणि कुणासाठी नाही?

बरं, सॉफ्टवेअर तरी तोंड पाहत नाही, हे कुठे पूर्ण खरं आहे? ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळणारं एक टूल बनवलं होतं. २०१८ मध्ये रॉयटर्सने त्याची बातमी दिली. आधीच्या दहा वर्षांत आलेल्या अर्जांवरून ते शिकलं होतं आणि ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. त्यामुळे अर्जात महिलांच्या संघाचा वगैरे उल्लेख आला की ते गुण कमी करायचं. ते टूल कंपनीला गुंडाळावं लागलं. म्हणजे टाइमकीपर गेला, तरी त्याची वही मशीनच्या हातात राहू शकते.

मग सॉफ्टवेअर निवडायचं तरी कसं? मला इथे जॉन रॉल्सचा आधार मिळाला. १९७१ च्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या पुस्तकात तो एक कल्पना मांडतो. समाजाचे नियम ठरवायला बसलेल्यांना आपण त्या समाजात कोण असणार हेच माहीत नाही, असं समजा. श्रीमंत की गरीब, धडधाकट की आजारी, काही माहीत नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआडून जे नियम निवडले जातील, ते न्याय्य असण्याची शक्यता जास्त.

रॉल्स देशांच्या मूलभूत रचनेबद्दल बोलत होता, रजेच्या अर्जाबद्दल नाही. तरीही मी ती कल्पना माझ्या शीटला लावून पाहिली. समजा, सोमवारी हे सॉफ्टवेअर सुरू होणार आहे आणि मला कोणतं लॉगिन मिळेल हे माहीत नाही. ॲडमिन असेन, मॅनेजर असेन, किंवा वडिलांना डायलिसिसला सोडून येणारी इंजिनिअर असेन. आता ४६ ओळी पुन्हा वाचायच्या.

वाचल्या आणि लाज वाटली. एकूण एक ओळ ॲडमिनच्या खुर्चीत बसून लिहिलेली होती. कंपनी विकत घेणार, म्हणून तुलनाही कंपनीच्या डोळ्यांनी. रोज ज्यांची नोंद होणार, ते सव्वातीनशे जण या तुलनेत फक्त डेटा म्हणून होते.

मी चार ओळी वाढवल्या.

पहिली, माझी माहिती कुणी पाहिली हे मला कळतं का? हा प्रश्न मला का सुचला, हे तुम्हाला माहीत आहेच. कायदा इथे फार मदत करत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे.

दुसरी, माझ्याबद्दल काढलेला निष्कर्ष मला दिसतो का, आणि त्यावर मला काही म्हणता येतं का?

तिसरी जरा तांत्रिक आहे, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हजेरी चुकीची लागली तर आपण रेग्युलरायझेशनचा अर्ज टाकतो. मॅनेजरने आठ दिवस तो उघडलाच नाही तर काय होतं? एका सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये अर्ज आपोआप नामंजूर व्हायचा, दुसऱ्यात आपोआप मंजूर. सेटिंग एकच, एका क्लिकचं. पण वरच्याच्या आळसाची किंमत खालच्याने मोजायची की नाही, हे ती एक क्लिक ठरवते. आणि बहुतेक कंपन्यांत ती आहे तशीच राहते, कारण तिथे काही ठरवायचं आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथी, ज्यांना लॉगिनच नाही त्यांचं काय? आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी आणि गेटवरचे काका कंत्राटदाराकडून येतात. ते आमच्याआधी येतात, आमच्यानंतर जातात आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेच नसतात. मला कोणतं लॉगिन मिळेल माहीत नाही, असं म्हणताना लॉगिन मिळेलच, हे मी गृहीतच धरलं होतं.

नव्या ओळींना मी जास्त वजन दिलं. पहिल्या नंबरचं सॉफ्टवेअर दुसऱ्यावर गेलं. मीटिंगमध्ये वरिष्ठांनी विचारलं, "ही वजनं कुणी ठरवली?" मी म्हटलं, "मीच. आधीचीही मीच ठरवली होती, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." कुणी रागावलं नाही. थोडी चर्चा झाली. शेवटी किमतीमुळे आधीचंच सॉफ्टवेअर घेतलं गेलं. पण अर्ज आपोआप मंजूर होण्याचं सेटिंग सुरू झालं आणि लाल ठिपका मॅनेजरांच्या स्क्रीनवरून गेला. एचआर प्रमुखांना तो अजून दिसतो. मावशींच्या ओळीवर "तो आपला विषय नाही" असा शेरा आला. कंत्राटदाराची माणसं, कंत्राटदाराचं मस्टर. कागदावर ते बरोबरही असेल.

अप्रेझल होऊन गेल्यावर मी मित्राला सगळं सांगितलं. डेमोतला ठिपका, माझं गप्प बसणं, संध्याकाळचा अर्धा तास. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "माझा पगार पाहिलास?"

"हो."

"आणि तो ठिपका, तो मला दिसतो का?"

"नाही."

"म्हणजे मी सोडून जाणार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला नव्हतं."

तो अजून आमच्याच कंपनीत आहे. आम्ही एकत्र चहाला जातो, पण पूर्वीसारखा घरचं सगळं सांगत नाही. माझं ॲडमिन लॉगिन मी परत करून टाकलं. गप्प बसले ते बरोबर होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण शीट बनवायच्या आधीच हे प्रश्न मला पडायला हवे होते, एवढं मात्र नक्की. तुमच्या ऑफिसातही असं एखादं ॲप असेल. सकाळी त्यात हजेरी लावाल तेव्हा एकदा पाहा, तुमचा अर्ज कुणी उघडलाच नाही तर त्याचं काय होतं.