पालीची घंटा

नाताळची सुट्टी लागली की मुलं विचारतात, सांताक्लॉज कुठे भेटेल? युरोपात काही ठिकाणी जुन्या खाणींत, गुहांत दिव्यांची आरास करतात आणि आईबाबांचा हात धरून मुलं त्या अंधारातून त्याला भेटायला जातात.

मुलांना अशी भेट घडवणारं ठिकाण आपल्याकडेही आहे. रायगड जिल्ह्यातली पाली आठवा. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा एकच गणपती, बल्लाळेश्वर. आणि तो भक्त म्हणजे एक लहान मुलगा! रानात सवंगड्यांसह दगडालाच देव मानून पूजणारा. कथा सांगते, वडिलांनी रागावून पूजा उधळली, त्याला मारून झाडाला बांधलं. गणपती धावून आला, म्हणाला, काय हवं ते माग. बल्लाळने खेळणं मागितलं नाही, सुटकाही नाही. तो म्हणाला, देवा, तू इथेच राहा.

या बल्लाळेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई जिंकल्यावर मराठा सेनापती चिमाजी अप्पांनी आणलेली, युरोपी घडणीची. ती लढाईतून आली, हे विसरू नये. पण एके काळी जिच्या नादावर नाताळची प्रार्थना झाली असेल, ती आज गणपतीपुढे वाजते. मला तिचा नाद फार जवळचा वाटतो.

या सुट्टीत मुलांना पालीला न्या. प्रथेप्रमाणे आधी तिथल्याच धुंडीविनायक गणपतीचं दर्शन घ्या, मग बल्लाळेश्वराचं. आणि ती घंटा कुठून आली, हे त्यांना नक्की सांगा.