जमीन कुळाबाहेर जाईल म्हणून

बायबलमधल्या ‘गणना’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे येऊन उभ्या राहतात. बाप रानात वारला, भाऊ कुणी नाही. मग बापाचं नाव कुळातून का पुसायचं? आम्हाला जमीन द्या. मागणी मान्य होते. पण छत्तिसाव्या अध्यायात कुळातले वडीलधारे हरकत घेतात: या दुसऱ्या वंशात गेल्या तर जमीनही जाईल. मग ठरतं, लग्न आपल्याच वंशात करायचं. पाचही जणी चुलत भावांच्या घरी जातात.

चंद्रपूरच्या राजुरा तालुक्यातल्या गोंड शेतकऱ्याला ही भीती लगेच कळेल, तोडगा मात्र मुळीच पटणार नाही. 1956 पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या जिल्ह्यातल्या राजगोंडांवर मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ 1948 मध्ये आला. गोंडांची कुळं चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत विभागलेली, आणि एका गटातली मुलं-मुली म्हणजे भाऊ-बहीण. तिथे चुलत भावाशी लग्न निषिद्धच. मामाची मुलगी मात्र चालते, किंबहुना तिच्यावर पहिला हक्क मानला जातो. बायबलमधल्या याकोबानेही मामाच्याच दोन मुली केल्या आणि त्यांच्यासाठी सात-सात वर्षं मामाकडे राबला. सासऱ्याकडे असा राबणारा होणारा जावई गोंडांत ‘लमसेना’ म्हणून माहीत आहे. याकोबाची गोष्ट आपलीशी वाटावी आणि सलाफहादाच्या मुलींचा नियम परका, असा हा पेच.

कारण इथे मुलगी नेहमी दुसऱ्या देवगटातच जाणार. तिला जमीन दिली की ती बाहेर जाणारच. चुलत भावाची पळवाट नाही. म्हणून वारसा मुलग्यांकडे राहिला. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे न्यायालयांपुढेही प्रथाच मोठी ठरली. 1996 मध्ये मधु किश्वर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने छोटानागपूरच्या आदिवासींचा पुरुष-वारशाचा नियम रद्द केला नाही. बायकांचं पोट त्या जमिनीवर आहे तोवर त्यांना हटवू नये, एवढंच संरक्षण दिलं. 17 जुलै 2025 रोजी छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात प्रश्नच उलटला. मुलीला वाटा देणारी प्रथा दाखवा, असं खालची न्यायालयं म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, नाकारणारी प्रथा कुठे सिद्ध झाली आहे? समतेच्या तत्त्वावर मुलीच्या वारसांना वाटा मिळाला.

समाजातल्या अनेकांना यात कुळाचा घात दिसेल, आणि ती भीती खोटी नाही. जमिनीला कुळ होतं, देव होता. पण याच तालुक्यात सास्तीला कोळसा निघाला, शेजारी गडचांदुरात सिमेंटचे कारखाने आले. इथली जमीन लेकींच्या लग्नाने नव्हे, संपादनाने कुळाबाहेर गेली. तिच्या बदल्यात आला तो पैसा, आणि पैशाला देवगट नसतो. मग मुलीला वगळायचं ते कशाच्या रक्षणासाठी?

गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात त्या पाच जणी स्वतः बोलतात. छत्तिसाव्यात त्यांच्याविषयी निर्णय होतो, त्यांचा एक शब्दही नाही. भीती वडीलधाऱ्यांची होती, किंमत मुलींनी मोजली. हक्क द्यायचा आणि पुढच्याच बैठकीत त्याला अट घालायची, ही रीत तेवढी जुनी आहे. न्यायालयाने हक्क दिला आहे. पुढची बैठक आता गावात होईल. तिथे मुलींनाही बोलू द्यावं.