चालणारा प्रोग्रॅम आणि यथार्थ ज्ञान

खिडक्या, बटणे आणि मजकुराच्या चौकटी असलेले डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्या भावी संगणकशिक्षकापुढे ज्ञानमीमांसेतला एक जुना प्रश्न उभा असतो: प्रोग्रॅम चालला, एवढ्यावरून तो लिहिणाऱ्याला समजला आहे असे म्हणता येईल का? भारतीय दर्शनांत या प्रश्नाची चर्चा प्रामाण्यवाद या नावाने झाली. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचे खरेपण. ते ज्ञानाबरोबरच प्रतीत होते आणि बाधक पुरावा मिळेपर्यंत टिकते, असे मीमांसकांचे मत आहे, तर ते ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर ठरते, असे नैयायिक म्हणतात. ही कसोटी वात्स्यायनाने न्यायभाष्याच्या पहिल्याच वाक्यात सांगितली आहे. तिला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, म्हणजे ज्ञानाला अनुसरून केलेली कृती सफल होणे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा स्वभाव साहजिकच नैयायिकाचा असतो, कारण लिहिलेले चालवून पाहणे हीच त्याची रोजची परीक्षा असते. परंतु ही परीक्षा फसवी ठरू शकते. मायक्रोसॉफ्टने 1991 मध्ये आणलेल्या व्हिज्युअल बेसिकमुळे फॉर्मवर बटणे मांडून प्रोग्रॅम तयार करणे नवशिक्यालाही शक्य झाले. या भाषेत दोन टेक्स्ट बॉक्समधील आकड्यांची वजाबाकी करणारा प्रोग्रॅम एखाद्या विद्यार्थ्याने लिहिला, तर 8 आणि 3 दिल्यावर उत्तर 5 येते आणि टेक्स्ट बॉक्समध्ये संख्या असते असा त्याचा ग्रह होतो. नंतर तो त्याच रीतीने बेरीज करू जातो, तेव्हा उत्तर येते 83. टेक्स्ट बॉक्समध्ये मुळात संख्या नसतेच, असते ती अक्षरांची माळ. वजाबाकीच्या वेळी भाषेने तिचे संख्येत रूपांतर गुपचूप करून घेतले होते, आणि अधिकचे चिन्ह दोन माळांमध्ये येताच त्या केवळ एकमेकींना जोडल्या गेल्या. म्हणजे वजाबाकीच्या वेळी कृती सफल झाली होती, पण तिच्यामागची समजूत मात्र खोटी होती.

न्यायशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. जेथे अग्नी तेथे धूर, हा नियम सर्वत्र खरा नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर येण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो आणि हा संयोग हीच तेथली उपाधी. वजाबाकीच्या उदाहरणात ते अदृश्य रूपांतर नेमके हेच काम करत होते. धंदेवाईक प्रोग्रॅमर उपाधी न ओळखताही पुष्कळ काळ निभावून नेऊ शकतो, कारण त्याच्याकडून चालणारी वस्तू मागितली जाते. शिक्षकाचे तसे नाही. त्याने सांगितलेला नियम विद्यार्थी अशा ठिकाणी लावणार असतो, जेथे ती अट हजर असेलच असे नाही.

विद्यार्थ्याला मिळणारे ज्ञान बहुतांशी शब्दप्रमाणावर, म्हणजे विश्वसनीय व्यक्तीच्या सांगण्यावर उभे असते. अशा व्यक्तीला वात्स्यायन आप्त म्हणतो, आणि त्याची दोन लक्षणे देतो: आप्ताने वस्तूचा साक्षात अनुभव घेतलेला असावा, आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही तो स्पष्ट करतो. म्हणजे आप्तत्व कुळातून किंवा पदातून येत नाही, आणि म्हणून ते पदवीच्या प्रमाणपत्रातूनही येणार नाही. पुस्तकातला तयार प्रोग्रॅम फळ्यावर उतरवणाऱ्या शिक्षकाची इच्छा कितीही शुद्ध असली, तरी त्याच्यापाशी पहिले लक्षण नसते. वर्गात उभे राहण्यापूर्वी भावी शिक्षकाने स्वतः प्रोग्रॅम लिहावेत, बिघडवावेत आणि दुरुस्त करावेत, असा आग्रह धरण्याचे खरे कारण हेच आहे.

यावर मीमांसकाचा आक्षेप वजनदार आहे. प्रत्येक ज्ञानाला बाहेरची खात्री हवी असेल, तर त्या खात्रीलाही दुसरी खात्री लागेल आणि ही मालिका संपणार नाही. कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर यांवर विश्वास न ठेवता एक ओळही लिहिता येत नाही. अशा न संपणाऱ्या शंकेबाबत नैयायिक उदयनाचार्य म्हणतात की, जेथे शंका स्वतःच्याच व्यवहाराला विरोध करू लागते, तेथे ती थांबते. शिक्षकाच्या बाबतीत ही मर्यादा जे शिकवायचे त्याच्या एक पायरी खाली मानणे योग्य वाटते. लांबलचक हिशेब चालू असताना विंडोजमधील प्रोग्रॅमची खिडकी गोठते, तेव्हा ट्रान्झिस्टरपर्यंत उतरण्याची गरज नसते. मात्र बटणावरील प्रत्येक क्लिकचा संदेश रांगेत लागतो, रांगेतले संदेश एकच थ्रेड, म्हणजे आज्ञा क्रमाने पार पाडणारा एकच प्रवाह, एकेक करून हाताळतो आणि तोच प्रवाह हिशेबात गुंतल्याने खिडकी पुन्हा रेखाटली जात नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. हिशेब दुसऱ्या थ्रेडवर नेल्यास खिडकी हलती राहील, पण त्या थ्रेडने लेबलवरील मजकूर थेट बदलू पाहिला तर नवी अडचण येईल, कारण लेबल ज्या थ्रेडने निर्माण केले त्यानेच ते हाताळायचे असते, हे त्याला प्रोग्रॅम चालवण्याआधी सांगता आले पाहिजे, आणि विद्यार्थ्याकडूनही त्याने चालवण्याआधीच ते वदवून घेतले पाहिजे.