आधी भरपाई, मग भांडण

बांधकामावर अपघात झाला की दोन वाद सुरू होतात. एक मजुराचा: हात गेला, आता घर कसं चालवायचं? दुसरा गुत्तेदारांचा: पैसे कोणी भरायचे? कायद्याने हे दोन वाद शंभर वर्षांपूर्वीच वेगळे केले. व्यवहारात मात्र दुसरा मिटेपर्यंत पहिल्याकडे कोणी बघत नाही.

सेलूपासून गंगाखेडपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या कामांची रीत ठरलेली आहे. टेंडर एकाच्या नावावर, काम दुसऱ्याकडे, सेंट्रिंग आणि स्लॅब तिसऱ्याकडे लेबर रेटने, आणि माणसं आणणारा मुकादम चौथा. नफा वरच्या पायऱ्यांवर थांबतो, जोखीम तेवढी खाली उतरते. ‘मजुरांची सर्व जबाबदारी पोटगुत्तेदाराची’ हे कलम करारात असतंच. माणूस परांचीवरून पडला की मुख्य गुत्तेदार ते कलम पुढे करतो, पोटगुत्तेदार मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादमाकडे उचलीच्या वहीपलीकडे काहीच नसतं. जखमी माणूस तर कुणाच्याच मस्टरवर सापडत नाही.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 ने ही पळवाट बुजवली होती. स्वतःच्या धंद्यातलं काम पोटगुत्त्याने दिलं, तरी मजूर थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने ती भरावी आणि नंतर गुत्तेदाराकडून वसूल करावी. हाच गाभा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आला आहे. म्हणजे आपसातल्या कराराला किंमत आहे, पण ती वसुलीपुरती. मजुराच्या हक्कापुढे तो करार आडवा येऊ शकत नाही.

‘चूक मुकादमाची, भुर्दंड मला का?’ हा मुख्य गुत्तेदाराचा प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण ही भरपाई चुकीचा दंड नाही. कामातून नफा घेणाऱ्याने कामातली जोखीमही घ्यावी, एवढाच तिचा अर्थ. म्हणूनच पैसे भरले म्हणजे निष्काळजीपणा कबूल केला, असं होत नाही. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली. आणि भरपाईचं देणं निकालाच्या दिवशी नव्हे, अपघाताच्या दिवशीच लागू होतं.

आकड्यांत हे आणखी स्पष्ट होतं. 2020 मध्ये ठरलेल्या 15,000 रुपये मासिक वेतनमर्यादेने तीस वर्षांच्या मजुराच्या मृत्यूची भरपाई 15,59,850 रुपये होते. महिन्याभरात ती भरली नाही तर 12 टक्के व्याज, म्हणजे वर्षाला 1,87,182 रुपये. शिवाय 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. भांडत बसणं गुत्तेदारालाही परवडणारं नाही. तरी तो भांडतो, कारण बहुतेक मजूर दाव्यापर्यंत पोचत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. त्याआधीच स्टॅम्पपेपरवर तडजोड होते. दवाखान्याचं बिल, हातात थोडी रोख, आणि ‘यापुढे माझी काही तक्रार नाही’ अशी ओळ. गुत्तेदार आपसात वाटे ठरवतात आणि सगळ्यात कमी वेळ थांबू शकणाऱ्या माणसाची सही घेतात.

अशी सही कायद्यापुढे टिकत नाही. हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. जखमीशी केलेली तडजोड नोंदवली नाही, तर 1923 च्या कायद्यानुसार पूर्ण रकमेचं देणं कायम राहत होतं आणि आधी दिलेल्या पैशांतले सहसा निम्मेच वजा करता येत होते.

कायद्याला एक भोक मात्र आहे. मुख्य मालकाची जबाबदारी धंद्यातल्या कामापुरती. शेतकऱ्याने आखाड्यावर खोली बांधायला दिली, तर साखळी फाटक्या खिशाच्या गुत्तेदारापाशीच संपू शकते. मे 2023 मध्ये सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथे शौचालयाची टाकी साफ करताना पाच मजूर दगावले. अशा खासगी कामांवर आधी पैसे कोणी द्यायचे? गोवंडीतल्या एका सोसायटीत डिसेंबर 2019 मध्ये टाकीत तिघे मेले, त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिशा दाखवली: प्रत्येकाच्या वारसांना 10 लाख सरकारने आधी द्यावेत, जबाबदारांकडून वसुली नंतर करावी.

हाच क्रम सरकारी कामांवर लावायला नवा कायदा लागत नाही. बांधकाम विभाग असो की जिल्हा परिषद, कामगार कल्याणाचा 1 टक्का उपकर बिलातूनच कापून घेतला जातो. मग अपघाताच्या भरपाईची रक्कम नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा झाल्याची पावती आल्याशिवाय मुख्य गुत्तेदाराची अनामत सोडायची नाही, अशी अट टेंडरमध्ये घालता येईल. त्यानंतर गुत्तेदारांनी आपसात खुशाल वर्षानुवर्षं भांडावं. त्यांच्याकडे वकील आहे, वेळ आहे, आणि पुढचं कामही आहे.